सिकलसेलची तपासणी आणि उपासकाचे शील



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. तथागत आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासस्थानांतून फिरत होते. एका ठिकाणी एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. कोणी नाही, असे तो म्हणाला. का नाही, असे विचारता त्याने जे कारण सांगितले ते आपण नीट ऐकून ठेवावे. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते.

तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. हे सर्व झाल्यावर मग त्यांनी संघ जमविला आणि समजावून सांगितले की, तुमची काळजी घ्यायला येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही त्यांनी सांगितले.

येथील क्रम लक्षात घ्या. आधी पाणी, मग उपदेश. आरोग्याविषयी दुसऱ्याला चार गोष्टी सांगण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर या क्रमात आहे. आज आरोग्याचा उपदेश करणारे पुष्कळ झाले आहेत. हात धुवा, दारू सोडा, तपासणी करून घ्या, असे सांगणाऱ्या पाट्या गावोगाव आहेत. त्यांतले बहुतेक खरेच आहे. परंतु ज्याच्या घरात हात धुवायला पाणी नाही त्याला हात धुण्यावर व्याख्यान देणे, ही करुणा नव्हे. १९८६ साली कॅनडातील ओटावा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने जो जाहीरनामा काढला, त्यातही निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न आणि सामाजिक न्याय यांवाचून आरोग्य उभे राहत नाही, असेच मान्य करावे लागले. चवदार तळ्याच्या काठी २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, तो मानवी हक्काचा लढा होता हे आपण जाणतोच. आरोग्याचा लढाही तोच होता, हे मात्र आपण फारसे बोलत नाही.

आज मला तुमच्याशी एका विशिष्ट आजाराविषयी बोलावयाचे आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत राहणाऱ्या आपल्या बौद्ध कुटुंबांना आणि आदिवासी बांधवांना तो ठाऊक आहे. काहींच्या घरात तो आहे आणि त्याचे नाव घ्यायला ते धजत नाहीत. तो आजार म्हणजे सिकलसेल.

रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य वेदना उठतात. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी होते, डोळे पिवळे होतात. लहान मुलांचे हातपाय सुजतात आणि त्यांना साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. हा आजार स्पर्शाने होत नाही, उष्ट्याने होत नाही, एका माठातील पाणी प्याल्याने होत नाही. तो आईबापांकडून येतो, आणि आई व बाप दोघांकडूनही तो गुण आला तरच येतो. एकाकडूनच आला तर ते मूल वाहक होते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे! वाहक माणूस सामान्यतः शेतात राबतो, शाळा शिकतो, संसार करतो, म्हातारा होतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण निपजण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक असते. प्रत्येक वेळी, हा शब्द विसरू नका. पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब काही घरांत मांडला जातो. तो हिशेब चुकीचा आहे.

१ जुलै २०२३ रोजी भारत सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणावयाचा, असे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. तपासणीची शिबिरे शाळांत, समाजमंदिरांत आणि आपल्या विहारांतही भरू लागली. ही चांगली गोष्ट आहे. प्रश्न असा की, विहारात शिबिर भरले म्हणजे ते धम्माचे काम झाले काय? शिबिर धम्माचे आहे की नाही हे तेथील माणसे कशी वागतात, काय बोलतात, त्यावर ठरेल.

आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे, याचा अर्थ आपण चोरी न करणे एवढाच घेतो. परंतु रक्त ही वस्तू कोणाची? ज्याच्या अंगातून काढावयाचे त्याची. त्याला काय तपासणार, निकाल काय येऊ शकतो, तो कोणाला कळणार, हे काहीही न सांगता, रांगेत उभा केला आणि बोट टोचले, तर ते न दिलेले घेणेच झाले. मग घेणारा डॉक्टर असो की आपल्याच पंचकमिटीचा अध्यक्ष असो. मला नको, असे म्हणणाऱ्या माणसाला मागास ठरवून चारचौघांत हसणे, हेही त्यातच आले. त्याला पुन्हा भेटा, पुन्हा समजवा, त्याच्या शंका ऐका. माझा अनुभव असा आहे की, नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना केवळ एवढेच विचारावयाचे असते की, हे माझ्या मुलीच्या सासरी कळेल काय.

जबरदस्तीने आरोग्य आणता येते असे ज्यांना वाटते त्यांनी आणीबाणीचा काळ आठवावा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कोटा ठरला, कोटा भरण्यासाठी माणसे पकडली गेली आणि त्यांत गोरगरीब, दलित, मुसलमान अधिक भरडले गेले. परिणाम काय झाला? कुटुंबनियोजनाची गाडी दिसली की लोक शिवारात पळू लागले. आता त्याच्या बाजूला बाबासाहेबांची भूमिका ठेवून पाहा. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो त्यांच्या पक्षातर्फे श्री. रोहम यांनी मांडला. बाबासाहेबांनी त्यासाठी तयार केलेल्या भाषणात गरिबाच्या घरच्या बाळंतपणांचे हाल मांडले, आणि मूल होऊ द्यावयाचे की नाही हे संपूर्णपणे स्त्रीच्या इच्छेवर असावे, असे प्रतिपादन केले. हेतू दोन्हीकडे लहान कुटुंबाचाच. परंतु एका ठिकाणी माणूस मोजला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाला विचारले गेले. याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईने विश्रांती घ्यावी असा नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत, तिला मोबदल्यासह विश्रांती मिळावी म्हणून कायदा मागितला.

आता चौथ्या शीलाकडे वळू. खोटे बोलू नये, हे सर्वांना पाठ आहे. परंतु सिकलसेलच्या बाबतीत आपल्याकडे जे बोलले जाते त्यात किती खोटे आहे! गेल्या जन्मीचे पाप भोगतो आहे, मरीआई कोपली, कोणी करणी केली, बाहेरचे लागले. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांतूनही हे ऐकू येते. देव्हारा उचलून नदीत सोडणे एका दिवसात होते, मनातला देव्हारा हलवायला काळ लागतो, याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. परंतु पोर वेदनेने तळमळत असताना अंगारा लावून रात्र काढणे आणि सकाळी दवाखाना गाठणे, यात जी रात्र गेली ती परत येत नाही.

हे पूर्वजन्माचे म्हणणाऱ्यांनी संयुत्तनिकायातील सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रश्न वाचावा. माणसाला जे काही सुखदुःख होते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळे होते, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, आपले मत काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी पित्त, कफ, वात, या तिहींचे एकत्र बिघडणे, ऋतूतील बदल, चुकीची राहणी, बाहेरून झालेला आघात, अशी कारणे मोजून दाखविली. कर्मविपाक हे त्यांनी शेवटचे, आठवे कारण म्हणून सांगितले. आणि सर्वच दुःख पूर्वकर्माचे, असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्याही पलीकडे जाऊन बोलतात, म्हणून ते चुकतात, असा निर्वाळा दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी वैद्यकशास्त्राला जेवढे ठाऊक होते तेवढे त्यांनी वापरले. आज रक्तपेशीतील दोष सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मग आज तथागतांच्या शिष्याने काय बोलावे? पूर्वजन्मीच्या कर्माच्या आधारे दीनदुबळ्यांच्या हालांचे खापर त्यांच्याच माथी फोडणे, हे बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात साफ नाकारले आहे.

आणखी एक खोटे आहे, ते शिकलेली माणसे बोलतात. हा खालच्या जातीच्या रक्तातला रोग आहे म्हणे! ग्रीस, तुर्कस्तान, अरबस्तान, आफ्रिका, सर्वत्र हा आढळतो. भारतात १९५२ साली त्याची पहिली नोंद झाली ती निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. १९५४ साली अॅलिसन नावाच्या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत दाखवून दिले की, वाहक असलेल्या मुलांना प्राणघातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे जंगल, दलदल आणि हिवताप होता तेथे हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. यात पाप नाही, विटाळ नाही. हिवतापाच्या मुलखात माणूस जिवंत राहिला, त्याची ही किंमत आहे.

मात्र जातीचा संबंध एका ठिकाणी खरोखरच पोहोचतो, आणि तेथे आपल्यालाही अवघड प्रश्न आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तरुण भीमराव आंबेडकरांनी सांगितले की, जातीचे मर्म जातीतल्या जातीत विवाह करण्यात आहे. सिकलसेलचा हिशेब त्याच ठिकाणी बसतो. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांतच सोयरिकी होत राहिल्या की दोन वाहक एकमेकांसमोर येण्याची शक्यता वाढते. आपण दीक्षा घेतली, पण सोयरीक जुळविताना आजही पोटजात विचारतो की नाही? विचारतो. मग रक्त आपल्याला तेच विचारते. आंतरजातीय विवाह केला म्हणजे धोका मुळीच राहत नाही असे नव्हे, तपासणी तेथेही हवीच. परंतु बाबासाहेबांचा जातिनिर्मूलनाचा मार्ग मुलाबाळांच्या प्रकृतीलाही हितकर आहे, एवढे खात्रीने म्हणता येते.

आता त्या कार्डाविषयी. तपासणीनंतर प्रत्येकाला कार्ड मिळते. विवाहापूर्वी मुलामुलींनी ती पडताळून पाहावीत, असे आरोग्य खात्याचे सांगणे आहे आणि ते योग्य आहे. परंतु त्याचे काय केले जाते, ते मी सोयरिकीच्या बैठकांत बसून पाहिले आहे. मुलीचे कार्ड मागतात, मुलाचे दाखवीत नाहीत. मुलगी वाहक निघाली की बैठक उठते. मुलगा निर्दोष असता तर त्यांचे एकही मूल रुग्ण झाले नसते, हे बैठकीत कोणाला ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक असते तो गप्प बसतो. वर गावभर होते की, अमक्याच्या पोरीत दोष आहे. पुढे त्या घरातली धाकटी भावंडे तपासणीला येतच नाहीत. मग दोष कोणी लपविला? त्या घराने, की बैठकीने?

हे जगात इतरत्रही घडले आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या भागात तपासणी करून वाहकांना सल्ला देण्यात आला. १९७४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांनी वाहकांना कमी लेखावयास सुरुवात केली, म्हणून वाहकांनी आपला निकाल लपविला आणि तपासणीचा उद्देशच फसला. अमेरिकेत तर काळ्या लोकांनी हा अनुभव कडू घोट घेऊन घेतला. ज्या ब्लॅक पँथर चळवळीच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली होती. सरकार आपल्या लोकांच्या आजाराकडे पाहत नाही, तर आपण पाहू, ही तिची भूमिका. पुढे अनेक राज्यांनी सक्तीच्या तपासणीचे कायदे घाईने केले. त्यांत वाहक आणि रुग्ण यांची गल्लत होती. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढविले गेले. तेथील हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. एकच तपासणी आपल्या माणसांनी आपुलकीने केली तेव्हा आधार झाली आणि अर्धवट ज्ञानाने, सक्तीने केली तेव्हा तिची नवी अस्पृश्यता झाली.

म्हणून माझे विहाराच्या कार्यकर्त्यांना आग्रहाचे सांगणे आहे. शिबिरानंतर ध्वनिक्षेपकावरून निकालाची नावे वाचू नयेत. विहाराच्या भिंतीवर यादी लावू नये, आणि आजकाल गावाचा जो व्हॉट्सअॅप गट असतो त्यावर तर मुळीच टाकू नये. निकाल ज्याचा त्याला, बाजूला बसवून, बसायला सतरंजी देऊन सांगावा. तथागतांनी वाणीविषयी सांगितलेली कसोटी अशी की, बोलणे खरे असावे, हिताचे असावे आणि योग्य वेळी असावे. वाहक मुलीचे नाव चौकात घेतले तर ते खरे असेल, पण हिताचे नाही आणि वेळेचेही नाही. अशा खऱ्या बोलण्याने शील राखले जात नाही.

दोन वाहकांचे आधीच लग्न झालेले असेल तर? त्यांना दूर करावयाचे नाही. गर्भावस्थेत तपासणी करता येते, तिची माहिती मोठ्या सरकारी रुग्णालयात मिळते. पुढे काय करावयाचे तो निर्णय त्या दोघांचा आणि त्यातही तिचा. सासूने, पंचांनी किंवा माझ्यासारख्या प्रवचनकारानेही त्यात तोंड घालू नये.

आजाऱ्याची सेवा कशी करावी हेही महावग्गातच आहे. चांगल्या सेवकाला औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, त्याने मैत्रीने सेवा करावी, लोभाने नव्हे, मलमूत्राची किळस धरू नये, आणि धम्माच्या चार शब्दांनी आजाऱ्याला उभारी देता यावी. विशेष म्हणजे आजाऱ्याचीही कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. त्याने पथ्य पाळावे, प्रमाण जाणावे, औषध घ्यावे, दुखणे जसे आहे तसे सेवकाला सांगावे, वेदना धीराने सोसावी. मला यातले दुखणे जसे आहे तसे सांगावे, हे फार महत्त्वाचे वाटते. सिकलसेलचे रुग्ण बहुधा कोवळी मुले असतात. दुखते म्हटले की कामचुकार म्हणून मार खातात, शाळेत मास्तर नाटकी म्हणतात. काही दवाखान्यांतही असे बोललेले मी ऐकले आहे. ज्याचे खरे मानले जात नाही तो खरे सांगणे सोडून देतो. मुलाने दुखते म्हटले की आधी खरे माना.

हा आजार मुळापासून नाहीसा करणे आज गरिबाच्या आवाक्यात नाही, परंतु दुखणे पुष्कळ कमी करता येते. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्या तर वेदनेचे झटके कमी येतात. फोलिक अॅसिडच्या गोळ्या, लहान मुलांचे सर्व लसीकरण, भरपूर पाणी. उन्हातले ढोर कष्ट, थंडीत उघडे निजणे, तहान मारून काम करणे, हे टाळावयाचे. दारू तर पाचव्या शीलाने आधीच सुटली आहे, नसेल सुटली तर आता सोडा, तिने अंगातले पाणी कमी होते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. पात्र रुग्णाला जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळू शकते, त्यासाठी अर्ज करा. ही भीक नव्हे. लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे बाबासाहेबांच्या संविधानात ४७ व्या अनुच्छेदात लिहिले आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर महिला मंडळाने अर्धा तास या कामासाठी ठेवावा. आशाताईंना बोलवावे. ज्यांच्या घरी रुग्ण मूल आहे, आणि ज्यांची सांगण्याची तयारी आहे, त्यांच्यापुरते एवढे ठरवून घ्यावे: त्या मुलाला ताप चढला, छातीत दुखू लागले, श्वास लागला, पोट डाव्या बाजूला फुगले, एकाएकी हातपाय लुळे पडले किंवा बोबडी वळली, तर सकाळची वाट पाहावयाची नाही. रात्री गाडी कोणाची निघेल, बरोबर कोण जाईल, मागे धाकट्या मुलांपाशी कोण निजेल, हे आधीच ठरलेले असावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, पण पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीवर ती पोहोचत नाही. तेथे बैलगाडी किंवा ट्रॅक्टर तयार ठेवावा लागेल. मुलाचे कार्ड आणि औषधाची चिठ्ठी एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावी, म्हणजे अंधारात शोधत बसावे लागणार नाही.